मामा, ढील दे!

बडोद्यात कुणाला विचारा, सेव-उसळ कुठली खावी? तो आधी एका लारीचे, म्हणजे हातगाडीचे, दोष सांगेल. "बसायला जागा नाही हं, उभ्यानंच खावी लागते. पाव कधी कधी कालचा निघतो. तरी अशी जहाल की पहिल्याच घासाला कान तापतात." मग थोडा थांबेल आणि म्हणेल, "पण जाच." एवढ्यावर समोरचा स्कूटर काढतो. "स्वच्छ, रुचकर, घरगुती चव" असं कुणी सांगितलं असतं तर तो घरीच जेवला असता.

दांडिया बाजारात चार पिढ्या काढलेल्या आमच्या घराला शिफारशीची ही रीत चांगली ठाऊक आहे. आई तर स्थळ सुचवतानासुद्धा "मुलगा घोरतो म्हणे" इथून सुरुवात करायची, आणि तिनं जमवलेली लग्नं टिकली. असं सगळं असताना भाच्यानं केलेला व्हिडिओ गेम लोकांना सुचवायची वेळ आली तेव्हा आम्ही घरचे झाडून सगळे नापास झालो.

भाचा इंजिनिअर आहे. बरी नोकरी होती. दोन वर्षांपूर्वी ती सोडून माळ्यावरच्या खोलीत जाऊन बसला आणि जेवायला खाली येऊ लागला. तो करतो त्याला 'इंडी गेम' म्हणतात. इंडी म्हणजे स्वतंत्र, असं त्यानं मला समजावलं. स्वतंत्र म्हणजे पगार द्यायला कोणी नाही, हे मी माझं मी समजून घेतलं. खेळही मोबाइलवरचा नव्हे, टीव्हीला यंत्र जोडून हातात कंट्रोलर धरून खेळायचा. कामाला माणसं तीन. हा स्वतः, संगीत करणारा एक मित्र, आणि सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून बाहेर पडलेली एक मुलगी. चित्रं तिची.

नोकरी सोडली त्या दिवशी बहिणीनं मला बोलावून घेतलं. "दादा, तू समजाव त्याला." मी समजवायला गेलो आणि भाच्यानं मला फाळक्यांवरून गप्प केलं. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आमच्याकडे पोराला बाराखडीच्या आधी सांगतात. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून सिनेमाचा घाट घातला, हे मीच त्याला लहानपणी कौतुकानं सांगितलेलं. थोरांच्या गोष्टी पोरांना सांगताना जपावं. पोरं त्या लक्षात ठेवतात. तेव्हापासून आमच्या घरात 'फाळके' हा शब्द दोन प्रकारे वापरतात. काम चांगलं झालं की "आमचा फाळके!", आणि वीजबिल आलं की "हे बघा आमचे फाळके."

खेळ उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा आहे. पतंगाचे खेळ जगात पुष्कळ असतील, पण यात तुम्ही पतंग उडवत नाही. तुम्ही आहात धाकटी बहीण, आणि तुमच्या हातात फिरकी आहे. पतंग भावाचा, आकाश भावाचं, "काप्यो छे!" म्हणून ओरडणार तोच. तुम्ही मागे उभं राहून ढील द्यायची आणि त्यानं खेचला की दोरा भराभर गुंडाळायचा. भावाचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही, दिसते ती पाठ. पेच लागला की ती पाठ ताठ होते, आणि त्यावरून तुम्ही ओळखायचं. मी लहान असताना ताई माझी फिरकी धरायची. तिला तेव्हा काय दिसत होतं, ते मला परवा कळलं. माझा शर्ट दिसत होता.

पहिल्या दिवशी त्यानं माझ्या हातात कंट्रोलर दिला. मी तो पेढ्याच्या खोक्यासारखा दोन्ही तळव्यांवर धरला. "असा नाही मामा, बोटं वर." मग समोर सकाळ झाली. धाबं, टाकीच्या सावलीत ठेवलेलं चिकीचं ताट, बोटांना गुंडाळलेली पांढरी पट्टी. पतंग वर चढला आणि हातातला कंट्रोलर बारीक थरथरू लागला. मोबाइल थरथरतो तसा नव्हे. दूर, वर, वाऱ्यात काहीतरी आहे आणि ते दोऱ्यावरून आपल्या बोटापर्यंत येतंय, असा. यंत्रात दोन छोट्या मोटरी असतात म्हणे, आणि ही थरथर बसवायला त्याला चार महिने लागले. चार महिने तो खऱ्या फिरक्या हातात धरून धाब्यावर उभा राहायचा. शेजारपाजारच्यांना वाटलं, पोरगं वाया गेलं, आता तर पतंगही नसतो.

"मामा, ढील! ढील दे!" भाचा ओरडला. मी खेचला. पतंग गेला. पडद्यावरचा भाऊ वळला आणि त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. साठी उलटलेल्या माणसाला चित्रातल्या पोराची लाज वाटते, ही मोठी वाईट अवस्था आहे.

नाव मात्र अजून ठरलेलं नाही. मी 'फिरकी' सुचवलं. भाच्याला वाटलं, मी त्याचीच घेतोय.

नियम धाब्यावर बसवण्याबद्दल आमचं शहर कुणाला हार जाणार नाही, हवं तर मांडवीच्या रहदारीला विचारा. पण खेळाचे नियम लिहायचे म्हटले की बडोद्याच्या अंगात येतं. आज ज्याला कबड्डी म्हणतात त्या हुतूतूचे नियम इथल्या हिंदविजय जिमखान्यानं १९२३ साली छापले आणि त्या नियमांनी अखिल भारतीय सामनेही बडोद्यातच भरवले. त्याआधी गावोगाव वाद. संजीवनी खेळायची, म्हणजे समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला उठतो? की गामिनी, मेला तो मेलाच? की अमर, म्हणजे मरतच नाही, नुसते गुण मोजायचे? परवा माळ्यावर याच प्रश्नावरून रात्री दीडपर्यंत भांडण चाललं होतं. पतंग कापला गेला की खेळ संपवायचा, नवा द्यायचा, की दुपार होऊ द्यायची? पोरं इंग्रजी शब्द वापरत होती. मी पाणी प्यायला उठलो होतो. वर जाऊन म्हटलं, "संजीवनी ठेवा, पण तीनदाच." तिघं माझ्याकडे बघत राहिली. नियम तोच राहिला आहे, माझं नाव मात्र श्रेयनामावलीत 'विशेष आभार'मध्ये गेलंय, चहावाल्याच्या खाली.

कबड्डी स्वतः खेळयंत्रात पोचली ती १९२३ नंतर बऱ्याच वर्षांनी. २००९ मध्ये हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीनं 'देसी अड्डा' नावाचा खेळ प्लेस्टेशन २ साठी केला. त्यात कबड्डी होती आणि पतंगही होते. भाच्याचा तो लहानपणचा खेळ. जिमखान्याच्या नियमांशी ताडून पाहायचं त्या वयात सुचलं नाही, असं तो आता हळहळून सांगतो.

खेळ बनवणं हे या धंद्यातलं त्यातल्या त्यात सोपं काम. खरी मौज पुढे. यंत्र बनवणारी कंपनी निर्मात्याला एक खास यंत्र देते आणि त्याबद्दल कुठे बोलायचं नाही असा करार करून घेते. ते यंत्र माळ्यावर टॉवेलखाली झाकलेलं असे. बहीण दर सोमवारी टॉवेल धुवायला न्यायची, दुसरा टाकायची, आणि खाली काय आहे हे तिनं एकदाही विचारलं नाही. करार एवढ्या निष्ठेनं सही केलेल्यांनीसुद्धा पाळला नसेल. मग खेळ तयार झाला की कंपनीची परीक्षा. कंट्रोलरची बॅटरी मध्येच संपली तर खेळ आपोआप थांबला पाहिजे. खेळलेलं जतन होत असताना 'यंत्र बंद करू नका' असं दिसलं पाहिजे. बटणाचं नाव त्या कंपनीनं ठेवलंय तेच लिहिलं पाहिजे, शेजारच्या कंपनीचं चुकून आलं तर सगळं परत. माझ्या मते यात गैर काही नाही, आमच्या लग्नपत्रिकाही मानपानाच्या याच मुद्द्यांवर परत आलेल्या आहेत. तपासनीस म्हणून आम्ही माझ्या चार वर्षांच्या नातवाला बसवलं. वायर ओढणं, एकदम सगळी बटणं दाबणं, पेच लागलेला असताना कंट्रोलर सोफ्याखाली टाकून निघून जाणं, या कामांना असा माणूस पगार देऊन मिळत नाही. त्यानं एका दुपारीत खेळ तीनदा बंद पाडला. मोबदला केळ्याच्या वेफर्सचं एक पाकीट.

वयोगट ठरवायचा अर्ज मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. एकच प्रश्नावली, तिच्यावरून देशोदेशींचे वयोगट ठरतात. खेळात हिंसा आहे का? भाचा म्हणाला, नाही. मित्र म्हणाला, दिवसभर एकमेकांचे कापतात आणि नाही काय? रक्त दाखवलंय का? आधी होतं, मांजानं बोट कापतं तिथे एक लाल ठिपका. तो काढून पांढरी पट्टी आणली, आणि ती जास्त खरी वाटली. कारण उत्तरायणाला बोटं कापण्याआधीच पट्ट्या लावून बसतात, हे बडोद्यात कुणालाही माहीत आहे. शिवीगाळ? भाऊ ओरडतो, पण गुजरातीत. पैजा, जुगार? बहिणीनं हळूच विचारलं, "उंधियूची पैज धरायची का?" धरली नाही.

पूर्वी एक वेगळी सोय होती, असं भाच्यानं सांगितलं. मायक्रोसॉफ्टनं २००८ साली एक्सबॉक्स ३६० वर एक दालन काढलं. तिथे हौशी निर्मात्यांचे खेळ त्यांच्यासारखेच दुसरे निर्माते तपासायचे आणि त्यांनी पास केले की ते विक्रीला लागायचे. किंमत एका डॉलरपासून. म्हणजे भिशीच म्हणायची, तुझा मी बघतो, माझा तू बघ. त्यात वेड्यावाकड्या स्पेलिंगच्या नावाचा, झोंब्यांना गोळ्या घालायचा एक डॉलरचा खेळ तडाखेबंद खपला आणि त्यापुढे बऱ्याच जणांनी आपापले झोंबी आणले. ते दालन २०१७ मध्ये बंद झालं. मला ती व्यवस्था मनापासून आवडली. भजनी मंडळं अशीच चालतात.

विक्रीचं ऐकून शेजारच्या मनुभाईंनी एकच प्रश्न विचारला, "एमां मार्जिन केटलुं?" त्यांना सांगितलं की कंपनीचं ऑनलाइन दुकान साधारण ३० टक्के ठेवून घेतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, दिवाबत्ती त्यांची, आणि माल ठेवायला जागाही लागत नाही, तर ३० ठीक आहे, पण तुमचा माल लोकांना दिसतो का? खरा पेच त्यांनी एका वाक्यात पकडला. दुकानात रोज नवे खेळ येतात आणि आपला खेळ मंगळ बाजारात गर्दीच्या वेळी हरवलेल्या पोरासारखा कुठेतरी उभा असतो. कोणीतरी हाताला धरून "अहो, हा बघा" म्हटलं तरच उपयोग.

भाचा पुण्याच्या 'राजी'चं उदाहरण देतो. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं केलेला तो खेळ, भावाला सोडवायला निघालेल्या एका सर्कशीतल्या मुलीचा. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. तरी काम सोडलं नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ आधी निन्टेंडो स्विचवर आला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनात तो होता. यातली गंमत अशी की निन्टेंडोनं स्विच भारतात अधिकृतपणे विकायलाच आणला नव्हता. पुण्यात घडलेला, राजस्थानी महालांचा, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात असा खेळ, आणि पुण्यातल्या माणसानं तो खेळायचा तर यंत्र कुणीतरी दुबईहून आणायचं! घरच्या लेकीचं कौतुक गावभर होऊन शेवटी आपल्या दारात यावं, तसं झालं. अहमदाबादच्या मसाला गेम्सनं 'डिटेक्टिव्ह डॉटसन' केला, टोरांटोच्या एका चमूनं 'वेन्बा' केला. 'वेन्बा'त परदेशी गेलेली तमिळ आई आपल्या आईच्या फाटक्या वहीवरून इडल्या लावते. वहीचं पान फाटलंय, पुढचं तुम्ही ओळखायचं, बस्स. त्याला २०२४ चं पदार्पणाचं बाफ्टा मिळालं. भाचा हे सांगतो तेव्हा बहीण म्हणते, "इडली ठीक आहे रे, पण फिरकी कोण समजणार?"

तिच्या बोलण्यात तथ्य असतं, म्हणून मी गंजिफ्याची गोष्ट काढली. सावंतवाडीच्या गोल, लाखेच्या रंगांतल्या गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते. दशावतारी असेल तर दहा रंगांची १२० पानं, प्रत्येक पान हातानं रंगवलेलं. ती कला जाता जाता राहिली, ती सावंतवाडीच्या राजघराण्यानं राजवाड्यातच चित्रकार बसवले म्हणून. त्यात पुढाकार घेणाऱ्या राजमाता सत्त्वशीलादेवी माहेरच्या बडोद्याच्या, गायकवाडांची लेक. म्हणजे छोटा खेळ जगवायची आमची खोड जुनी आहे. एवढं बोलून मी छाती पुढे काढली, तर भाच्यानं विचारलं, "मामा, तुझ्याकडे गंजिफा आहेत ना? खेळायच्या कशा?" आहेत. काचेच्या कपाटात आहेत. सावंतवाडीहून आणल्यापासून मी त्या दर दिवाळीला पुसतो. खेळता येत नाहीत. भाचा म्हणाला, त्याच्या यंत्रातही सेलमध्ये घेतलेले चाळीस खेळ असेच आहेत. निदान ते पुसावे तरी लागत नाहीत.

शेवटी खेळाचा पहिला भाग घरच्यांना दिला, की खेळा आणि चार जणांना सांगा. आणि इथे आम्ही नापास झालो. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर चोवीस तासांत अकरा अंगठे आले. "छान आहे." "खूप छान, अभिनंदन!" "अप्रतिम, आपल्या मराठी माणसानं..." पुण्याच्या काकांनी तर खेळ उतरवून घ्यायच्या आधीच अप्रतिम म्हटलं होतं. मीही "छान आहे" लिहिलं. भाचा खाली आला. "मामा, काय छान आहे?" मला सांगता येईना. "पतंग कापल्यावर तू का चिडलास?" ते मात्र सांगता आलं, पाऊण तास सांगितलं. तो पाऊण तास त्यानं वहीत लिहून घेतला.

'छान आहे' हे दोन शब्द छोट्या खेळाला जेवढे बाधतात तेवढी शिवी बाधत नाही, असं माझं ठाम मत झालंय. छान म्हणजे मला वेळ नाही. छान म्हणजे तुझ्या आईला नमस्कार सांग. ज्या लारीबद्दल गाव नुसतं 'छान' म्हणतं तिथे संध्याकाळी पाचला बसायला जागा मिळते.

मग मी आईची पद्धत धरली. ताईची मुलगी न्यू जर्सीत असते. तिला लिहिलं, "पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही. नुसती फिरकी धरायची. भाऊ सारखा ओरडतो, त्याचा राग येतो. अंधार पडल्यावर मध्येच अक्षरं वाचता येत नाहीत, चष्मा लाव. पण खेळच." आठवडाभर काही उत्तर नाही. नंतर फोन आला तो पहाटे, तिकडची रात्र. आधी अक्षरं खरंच बारीक आहेत म्हणाली. भाऊ फार ओरडतो, हेही म्हणाली. मग म्हणाली, आईला दाखवला, आई तर कंट्रोलर सोडतच नाहीये. मागून ताईचा आवाज येत होता. "ढील देतेय रे, देतेय!" साठ वर्षांनी माझ्यावर पुन्हा ओरडत होती, असं म्हणायला हरकत नाही. भाचीनं तिथल्या तीन मैत्रिणींना सांगितलं. त्यातली एक मेक्सिकोची आहे, तिला उत्तरायण म्हणजे काय ते माहीत नाही, पण तिला मोठा भाऊ आहे.

अक्षरं मोठी केली. भावाचा आवाज तसाच ठेवला, त्यावर मतदान झालं आणि बहीण एकटी विरोधात होती.

तर खेळ येतोय. लहान आहे, चार-पाच तासांत संपतो. मधला एक भाग रेंगाळतो, दुपारी जेवणानंतर वारा पडतो तो. भाचा म्हणतो मुद्दाम आहे, मला वाटतं त्या महिन्यात तो आजारी होता. पतंग तुमच्या हाती एकदाही येत नाही, शेवटीसुद्धा नाही. पण खेळाच. यंत्र नसेल तर दांडिया बाजारात आमच्याकडे या, कंट्रोलर दोन आहेत, त्यातल्या काळ्याची डावी दांडी हात न लावताही डावीकडे जाते, तो मी घेईन. फक्त १४ आणि १५ जानेवारीला येऊ नका. आम्ही सगळे धाब्यावर असतो, खाली बेल ऐकू येत नाही.